मांजरीचा श्रावण

बाबा, मांजर तिच्या मरणाने मेली असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात. ते मला तेव्हाही पटलं नाही आणि आता तर मुळीच पटत नाही. गिरणीच्या संपाला सात महिने झाले होते. आई सुक्या मासळीच्या वखारीत जवळा निवडायला जायची आणि चाळीत कुणाला कळू नये म्हणून तुम्ही तिला भोईवाड्याकडून वळसा घालून यायला लावायचात. ती येताना बोंबलाची डोकी आणायची. ती खाऊन आपली मांजर अशी सुटली होती की पोट जमिनीला घासायचं. नळावर कुणीतरी बोललंच, संपवाल्याच्या घरात मांजर एवढी जाड, म्हणजे हा मागच्या दाराने कामावर जातो की काय. त्या दिवसांत असल्या बोलण्यावरून डोकी फुटत होती.

श्रावण लागला, घरात मासळी बंद झाली. आई म्हणाली, तिच्यापुरती चार डोकी आणते. तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "माजराकय श्रावण पाळूंदे. बारीक झाला तर मरूचा नाय." बाहेर कुणाकडे खाईल म्हणून दारही लावून घेतलंत. ती भाताला तोंड लावत नाही. दोन दिवस ओरडते, मग ओरडतही नाही, आणि तुम्ही म्हणता, बघ, सवय झाली. पाचव्या दिवशी तिच्या कानाच्या आतली कातडी हळदीसारखी पिवळी दिसली. मी तिला पिशवीत घालून परळला जनावरांच्या इस्पितळात चालत नेली. डॉक्टर माझ्यावरच चिडले. जाड मांजर एकदम उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरवर जाऊन बसते, मग त्याला भूकच लागत नाही. बारीक करायचं तर खाणं थोडं थोडं कमी करायचं, बंद नाही करायचं. आता मासळी वाटून पिचकारीने भरवा, म्हणाले. घरी येऊन सांगितलं तेव्हा मला वाटलं, मारणार तुम्ही. तुम्ही उठलात, भर श्रावणात पाट्यावर बोंबील वाटलेत, तिचा जबडा धरलात. सगळं बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

काल इथून, मस्कतहून, फोन लावला तर ताई म्हणते, तिचा बोका तीन दिवस जेवला नाही, जाडाच आहे, राहू दे. मी एवढ्याने ओरडलो की फोनच्या रांगेतले लोक बघायला लागले. "आधी त्याचे कान बघ, ताई."

ती जाऊन बघून आली. "पिवळे वाटतायत रे. पण तू बाबांसारखा ओरडू नको."

आजच परळला ने म्हणालो आणि ठेवला फोन. रात्रभर तेच डोक्यात आहे, म्हणून हे लिहायला बसलो. पत्र टाकणार कुठे ते माहीत नाही.

त्या श्रावणात तिसऱ्या दिवशी आईने माझ्या हातात गुपचूप बोंबलाचं एक डोकं दिलं होतं. तेव्हा मांजरीने ते खाल्लं असतं. मी ते गटारात टाकलं. पोरं मला संपफोड्याचा पोरगा म्हणत होती, बाबा. मलाही ती बारीक व्हायला हवी होती.

ताईला बोक्यासाठी दोन हजार रुपये पाठवतोय.