सौंदीचा चेहरा

॥ श्री गुरुबसव प्रसन्न ॥
कोल्हापूर
११ फेब्रुवारी २०२४

ती. चिक्कव्वा हिस,
दानेश्वरीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझ्या कानांनी रजा घेतल्यापासून तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या राजारामपुरीला घरातलं सांगणं. म्हणून पत्र. निवृत्त झालीस तरी शुद्धलेखन तपासशीलच, पण लाल शाई जरा बेतानं वापर.

वजन उतरवायचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी ठेवली आहे. सध्या ताक, डाळीचं पाणी आणि प्रोटीनची पावडर. पावडरीची चव ओल्या खडूसारखी आहे, हे तुला सांगितलं की कळेल. चार घोट झाले की पोट हात वर करतं. घाई केली तर उलटी. तरीही परवा आमचे हे समोर बसून भाकरी-झुणका खात होते आणि मला काहीच वाटलं नाही. भूकच माहेरी गेल्यासारखी झाली आहे. साखर उतरायला लागली, गुडघे कुरकुरत नाहीत. डॉक्टर खूश आहेत.

अव्वा मात्र बोलत नाही. दवाखान्यात मला बघून परत निघताना एवढंच म्हणाली होती, की पोट कापून घेतलंस, आता मी वाढू कुणाला. ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. तू तिची धाकटी बहीण, तिला कसं समजवायचं ते तूच सांग.

माझं वजन घटलं तरी तुझा लोभ घटू देऊ नकोस.
तुझी,
दाना

*

गडहिंग्लज
२० फेब्रुवारी २०२४

चि. सौ. दानेश्वरी हिस,
चिक्कव्वाचे अनेक आशीर्वाद.

पत्रात सहा चुका आहेत. आजारी म्हणून गुण कापत नाही.

अव्वाचं मनावर घेऊ नकोस. तुला ठाऊक असूनही आपण कुणी कधी बोललो नाही, ते आज लिहिते. आपली धाकटी सौंदर्या काविळीनं गेली त्या दुपारी अव्वा तिच्यासाठी मऊ भात आणायला दवाखान्यातून घरी आली होती. डबा घेऊन परत पोचली तोवर सगळं संपलेलं. त्या संध्याकाळी तो भात तिनं तुला भरवला. मी बघत होते. तू एकवीस वर्षांची घोडी, पण लहान पोरासारखा आ करत होतीस. तेव्हापासून अव्वा तुझ्या ताटात दोघींचं वाढते आणि तूही मुकाट्यानं दोघींचं जेवत आलीस. मी माझ्या बहिणीला कधी अडवलं नाही. आईच्या हातातली पळी कोण धरणार?

आता तुझ्या पोटात एकीचंही मावत नाही. तिला वाटतं, धाकटी उपाशी राहिली.

हळूहळू निवळेल. पावडर नाक दाबून पी. जावईबापूंना आशीर्वाद. प्रकृतीला जप, आणि मला विसरू नकोस.
चिक्कव्वा

*

कोल्हापूर
१५ मे २०२४

ती. चिक्कव्वा हिस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

बसवजयंतीला येऊन गेले, पण तुझ्याशी निवांत बसता आलं नाही. सत्तावीस किलो उतरलं. केस मुठीनं गळतात. डॉक्टर म्हणतात, गळतील आणि परत येतील. रोज सकाळी रंकाळ्यावर चालते, दम लागत नाही. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. ऑफिसातल्या शिपायानं मला ओळखलं नाही, पावणं कुणाकडं आलाय, म्हणून विचारलं!

तू मागे धुणं वाळत घालत होतीस, म्हणून दारातलं तुला दिसलं नाही. दार अव्वानं उघडलं. पोळीच्या कणकेनं हात भरले होते. माझ्याकडे बघतच राहिली, आणि म्हणाली, आलीस व्हय गं सौंदी, एवढ्या उन्हाची का आलीस? मी म्हटलं, अव्वा, मी दाना. तिच्या कानावर ते पोचलंच नाही. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. ओली कणीक गालाला लागली. चिक्कव्वा, बावीस वर्षं अव्वानं माझ्या ताटाकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं नाही. मी पुन्हा नाव सांगितलं नाही.

घरी येऊन आरशात पाहिलं. गालाची हाडं वर आली आहेत. हनुवटीला खळी पडली आहे. ती खळी सौंदीची. मलाही आहे हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ती माझ्या अंगात खाली कुठंतरी निजली होती की काय, असं वाटलं आणि मी आरशावर टॉवेल टाकला.

हसू नकोस. आशीर्वाद असू दे.
दाना

*

गडहिंग्लज
८ जून २०२४

चि. सौ. दानेश्वरी हिस,
अनेक आशीर्वाद.

मी हसले नाही. अंगावर काटा आला.

अव्वाचं डोकं फिरलं आहे असं समजू नकोस. दुधात पाणी किती, हे तिला अजून एका घोटात कळतं. पण सौंदीची ट्रंक तिनं उघडली. हिरवा पंजाबी ड्रेस धुऊन, उन्हात घालून, घडी करून ठेवला आहे. पलीकडच्या खोलीत खाटेवर चादर घातली. रोज विचारते, ती कधी येणार. ती म्हणते, दाना म्हणत नाही. चटणी कुटताना गाते. मला ऐकू येत नाही, पण ओठ हलताना दिसतात, आणि इतक्या वर्षांनी तिला गाताना बघून आनंद वाटायला हवा तो वाटत नाही.

पुढच्या वेळी येशील तेव्हा तिला समोर बसवून सांग. तो ड्रेस दिला तर घेऊ नकोस. आणि जेव. पत्रात तू काय खातेस ते या खेपेला लिहिलं नाहीस.

काळजीत असलेली,
चिक्कव्वा

*

कोल्हापूर
२० जुलै २०२४

ती. चिक्कव्वा हिस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

रागावू नकोस. चार रविवार येऊन गेले आणि चारही वेळा तू माझ्याकडे शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी बघत होतीस.

होय, ड्रेस घातला. आधी खांद्यात घट्ट होता, आता होत नाही. अव्वानं माझी वेणी घातली. केस विरळ झालेत तर म्हणाली, तापानं गळले असतील, येतील की. मग मांडीवर डोकं घेऊन बसली. मी डोळे मिटून पडून राहिले. त्या दुपारी मला काहीही दुखत नव्हतं. असं माझ्या आयुष्यात कधी झालं होतं, ते आठवून बघितलं. आठवलं नाही.

आहाराच्या बाई म्हणतात, आधी प्रोटीन, मग बाकीचं. मी हो म्हणते. डॉक्टर म्हणतात, वजन आता इथंच थांबायला हवं. पण सौंदी याहून बारीक होती.

आरशावरचा टॉवेल काढला आहे. सकाळी आधी तिला बघते, मग चूळ भरते.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
दा.

*

कोल्हापूर
९ ऑगस्ट २०२४

ती. चिक्कव्वा यांना,
शिवप्रसादचा शरणु शरणार्थी, नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय न्हाय. कागलच्या कारखान्यात हजेरीवर सही करतो तेवढंच माझं लिखाण. पण दुसरं कुणाला सांगू?

दाना जेवत न्हाय. पावडर बेसिनमध्ये ओतती. डब्यातलं पनीर रस्त्यातल्या कुत्र्यांस्नी घालती, आणि मला सांगती संपवलं म्हणून. केसांच्या दोन येण्या घालती. मागनं दाने म्हणून हाक मारली तर वळून बघत न्हाय. काल मी जरा तुपातला मऊ भात पुढं केला. तर हळू आवाजात म्हणाली, कावीळ झालेल्याला तूप चालत नाही. चिक्कव्वा, तिला कावीळ झालेली न्हाय की! आवाजसुद्धा तिचा वाटला न्हाय. लग्नाला अठरा वर्षं झाली, मी कधी माझ्या बायकोला भ्यालो नव्हतो, काल भ्यालो.

सौंदर्याला मी बघितलेलं न्हाय. लग्नाआधीच गेलती. तुमच्याकडच्या भिंतीवर फोटो हाय तेवढाच. पण आता घरात मी आन् फोटो राहतोय असं वाटतंय.

डॉक्टरांनी रक्त तपासून मलाच झापलं. असंच चाललं तर चालता चालता पडेल म्हणाले. लाडीगोडी लावून, दम देऊन झालं. तुम्ही मास्तरीणबाई, तुमचं ऐकती. काहीतरी करा.

आपला जावई,
शिवप्रसाद

*

गडहिंग्लज
१६ ऑगस्ट २०२४

दानेश्वरी,

मायना लिहीत नाही, राग आला आहे.

सौंदर्याला मी पहिलीत बाराखडी शिकवली. तिच्या अंगावर माती टाकली तेव्हाही मी होते. ती तुझ्यात आली आहे हे मला शिकवू नकोस. तुम्ही दोघी एका आईच्या पोरी, हाडं सारखी असणारच. चरबी गेली, हाडं दिसली. एवढंच झालं आहे.

अव्वाला तिची लेक परत देण्यासाठी तू जेवण टाकलं आहेस. पण सौंदी अव्वाच्या घरात किती दिवस टिकली, हेही लक्षात ठेव. जी मेली तिच्यासारखं व्हायला निघालीस तर शेवटी कुठं पोचशील? तेव्हा मी अव्वाला काय सांगू, कुठली गेली म्हणून?

जेव.
चिक्कव्वा

*

कोल्हापूर
१८ सप्टेंबर २०२४

ती. चिक्कव्वा हिस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र उशीखाली होतं, तरी जेवले नाही. मग व्हायचं ते झालं. रंकाळ्याच्या कठड्यापाशी डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा दवाखाना, हाताला सलाइन. ह्यांनी तुला चिठ्ठी पाठवली, गाडी काढून अव्वाला घेऊन आले. तुझा गुडघा सुजलेला म्हणून तू मागं राहिलीस, ते एका अर्थी बरं झालं. जे बोलणं झालं ते दोघींतच व्हायला हवं होतं.

अव्वा आली आणि खाटेला धरून उभी राहिली. ह्यांनी चहा आणू का विचारलं, तर अंगावर ओरडली. मला म्हणाली, सौंदी, ह्या बारीला मी कुठं जायची न्हाय. भात न्हाय, काय न्हाय. हितंच बसती.

तिच्या डोळ्यांत इतकी भीती होती, की सौंदीच्या चेहऱ्याचा मला जितका मोह झाला होता तितकीच आता त्याची लाज वाटली. तिला मी परत लेक दिली नव्हती. परत ती दुपार दिली होती.

मी म्हटलं, अव्वा, मी दाना. ती म्हणाली, गप. मी म्हटलं, सौंदी गेली. ती गेली तेव्हा तिच्या पायाशी मी होते. अव्वानं मान वर केली. बावीस वर्षांत तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं, ते आता विचारलं, की शेवटी काय म्हणाली. मी खरं तेच सांगितलं. अव्वा आली का म्हणाली. मी येतीय म्हणाले. मग तिनं दाराकडं मान वळवली आणि तशीच राहिली.

अव्वानं जो हंबरडा फोडला तो मी कधी ऐकला नव्हता. नर्स धावत आल्या, शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. सौंदी गेली तेव्हा ती अशी रडली नव्हती, आठवतं तुला? तेव्हा ती मला भरवत होती.

पुष्कळ वेळानं शांत झाली. पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, दाने, काय खाल्लंयस का न्हाय. त्यात माझं नाव होतं. मी डाळीचं पाणी मागून घेतलं आणि प्याले. उलटलं नाही.

तुझ्या रागाची वाट बघते आहे.
दाना

*

गडहिंग्लज
१४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. दानेश्वरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राग संपला. वय झालं, फार दिवस धरवत नाही.

परत आल्यावर अव्वा आठ दिवस कुणाशी बोलली नाही. मग एका सकाळी आंघोळ करून, विभूती लावून म्हणाली, मला रुद्रभूमीत ने. सौंदीला पुरल्यापासून ती तिकडं फिरकली नव्हती. जागा मलाही नीट सापडेना, गवत वाढलेलं. शेवटी तिनंच ओळखली. कशी ते विचारू नकोस. तिथं मातीवर हात ठेवून बसली, ऊन डोक्यावर येईपर्यंत. काय बोलली मला ऐकू आलं नाही आणि मी ओठांकडं बघितलं नाही.

सगळं बरं झालं असं लिहिणार नाही. खाटेवरची चादर तिनं काढली, पण तिन्हीसांजेला अजून दारात जाऊन उभी राहते. फोटोतल्या पोरीकडं बघते आणि मला विचारते, दाना अशीच दिसते का गं आता. मी होय म्हणते.

दिवाळीला ये म्हणते. पण दारात आल्या आल्या आधी नाव सांग म्हणते. वाईट वाटून घेऊ नकोस.

वाट बघणारी,
चिक्कव्वा

*

कोल्हापूर
२४ नोव्हेंबर २०२४

ती. चिक्कव्वा हिस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

वजन अडीच किलोनं वाढलं आणि डॉक्टरांनी शाबासकी दिली. वजन वाढलं म्हणून कौतुक, हे माझ्या बाबतीत जगात पहिल्यांदाच. पनीर, मूग, दही वेळेवर जातं. बी-बाराची इंजेक्शनं चालू आहेत. कपाळावर नवीन केस आलेत, पिलासारखे. हे रोज मोजून कौतुक करतात आणि मला मोठ्यानं दाने म्हणून हाक मारून बघतात, कुत्रं बोलावल्यासारखी. मी ओ देते.

आज सकाळी एक झालं ते तुला सांगायचं आहे. रंकाळ्यावर चालताना समोरून एक बाई येत होती. मला बघून थबकली. तोंडाचा रंग उडाला. जवळ येऊन हळूच म्हणाली, सौंदर्या? काही महिन्यांपूर्वी भेटली असती तर मी काय उत्तर दिलं असतं, मला ठाऊक आहे. दिवाळीला अव्वाच्या दारात सांगितलं तसंच आताही आधी नाव सांगितलं, मी तिची अक्का, दानेश्वरी. ती बाई तिथंच कठड्यावर बसली.

क्रांती तिचं नाव. गडहिंग्लजला कॉलेजात सौंदीच्या वर्गात होती. आता इथं मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. शेजारच्या गाड्यावर इडली घेतली आणि ती बोलत सुटली. चिक्कव्वा, आपली सौंदी कॉलेजात तीन-तीन मुलींचे डबे फस्त करायची! प्राचार्यांच्या समोरच सायकलवरून चिखलात पडली आणि उठून त्यांनाच नमस्कार केला. तुझी नक्कल करायची, वर्ग गडाबडा लोळायचा. गणिताच्या पेपरात एकदा उत्तर येईना म्हणून शेवटी क्षमस्व लिहून आली होती. मला यातलं एकही माहीत नव्हतं. घरात आपण तिला इतकी वर्षं आजारीच ठेवली. मी रस्त्यावर मोठमोठ्यानं हसले आणि मग रडले. क्रांतीही रडली. अर्धी इडली खायला मला अर्धा तास लागला, उरलेली तिनं खाल्ली.

जाताना म्हणाली, तुमचा फोटो काढू का, वर्गातल्या मैत्रिणींना पाठवते, कुणाचा विश्वास बसणार नाही. मी उभी राहिले. फोटो दोनदा हलला, तिनं परत काढला. मग मोबाइलवर बोट धरून तिनं विचारलं, खाली नाव काय लिहू. मी सांगितलं आणि तिनं लिहिलेलं नीट वाचून घेतलं.

पुढच्या रविवारी क्रांतीला घेऊन येते. सौंदीच्या गोष्टी तिच्याच तोंडून अव्वाला ऐकू देत. तू ओठांकडं बघ, या वेळी बघायला हरकत नाही.

तुझीच,
दानेश्वरी