साहेबांची झोप

॥ श्री ॥
हडपसर, पुणे
१२ नोव्हेंबर २०००

चि. आनंद यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन मुका झालाय. तुमच्याच संगणकवाल्यांच्या केबलसाठी रस्ता खणला, तेव्हापासून. म्हणून हे पत्र.

काळजी आपल्या कासवाची, साहेबांची आहे. साहेबांनी आठवडाभर पालकाला तोंड लावलेलं नाही. जास्वंदीखाली माती उकरून बसतात, उन्हं आली की पुन्हा बाहेर. कंपनीतला तो जर्मन अधिकारी त्यांना ह्यांच्या हवाली करून मायदेशी गेला, तेव्हापासून दर थंडीत हेच त्यांना कंपनीतल्या बियाण्यांच्या थंड खोलीत निजवायचे. कसं, ते मी कधी विचारलं नाही. आता कंपनी विकली गेली आणि मे महिन्यात हेही गेले. ह्यांच्या मागे या घरात माझ्याखेरीज श्वास घेणारं तेवढंच एक उरलंय. ते माझ्या हातून जायला नको.

उत्तराची वाट पाहते.
तुझी आई

म्युनिक
२३ नोव्हेंबर २०००

ती. आईस आनंदचा शि. सा. नमस्कार.

इथल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारलं. साहेब थंड मुलखातले, त्यांना पुरती झोप हवी. पुण्यात पहाटे गारठा आणि दुपारी ऊन. अशा अर्धवट झोपेत अंगातली शक्ती संपते आणि कासव दगावतं. तेव्हा आपला फ्रीजच बरा. काही दिवस कोमट पाण्यात बसव, खायला देऊ नकोस. मग भोकं पाडलेल्या खोक्यात कागदाचे कपटे घालून, बर्फाच्या खणापासून लांब ठेव.

सर्वांत महत्त्वाचं, रोज एकदा दार उघडत जा. दिवसचे दिवस बंद राहिलं की आत गुदमरायला होतं. यात आळस नको, आई.

स्वतःला जप. लोभ आहेच.
तुझा आनंद

॥ श्री ॥
हडपसर
८ डिसेंबर २०००

चि. आनंद यास अनेक आशीर्वाद.

साहेब फ्रीजमध्ये गेले, लोणच्याची बरणी बाहेर आली. दुसऱ्या दिवशी हात लावला तर नुसता दगड. मला रडूच आलं. झोपमोड होईल म्हणून आता मी फ्रीजकडे फिरकत नाही. दूध-भाजी रोजच्या रोज आणते.

दाराचं लिहिलंस ते मनाला लागलं. हे गेल्यापासून मी कडी लावून बसते, खरं आहे. तुला कुणी कळवलं? शेजारच्या अख्तरबानूनंच ना? पण आईला आळशी म्हणायचं? असो. कालपासून दार सताड उघडं टाकलंय. येणारा-जाणारा डोकावतो. झालं समाधान?

रागावले असले तरी आशीर्वाद आहेतच.
तुझी आई

म्युनिक
१८ डिसेंबर २०००

ती. आईस सा. नमस्कार.

अगं, मी फ्रीजचं दार म्हणत होतो! बंद फ्रीजमध्ये त्यांना हवा किती दिवस पुरणार? पत्र हातातलं खाली ठेव आणि आधी फ्रीज उघड. फोन लागत नाही, हे पत्र पोचेपर्यंत काय झालं असेल, सुचत नाही.

आणि तू कडी लावून बसतेस, हे मला कुणीही कळवलं नव्हतं. माझ्या लक्षातच आलं नाही.

लगेच लिही.
आनंद

॥ श्री ॥
हडपसर
३० डिसेंबर २०००

चि. आनंद यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातातलं खाली टाकलं. तशीच उठून फ्रीजशी गेले. खोकं उघडून साहेबांच्या मागच्या पायाला बोट लावलं. काहीच नाही. पुन्हा लावलं. मग तो पाय अगदी सावकाश आत गेला. मी तिथंच फरशीवर बसले.

त्याचं असं झालं. दार उघडं दिसलं तशी अख्तरबानू आत आली. तिचा फ्रीज बिघडलेला, रोजे चालू, म्हणून पाण्याच्या बाटल्या ठेवू का म्हणाली. साहेबांना बघून आधी किंचाळली, मग ‘वहिनी, हे कधीपासून खायला लागलात?’ म्हणून विचारलं. त्यानंतर रोज संध्याकाळी यायची आणि फ्रीज उघडा टाकून गप्पा मारत उभी राहायची. साहेब जागे होतील, दार लाव, म्हणून मी रोज तिच्यावर ओरडायची. तिनं एक दिवस ऐकलं असतं तर?

ईद झाली तरी बाटल्या इथंच आहेत. मीही काढ म्हटलेलं नाही. शिवरात्रीपर्यंत साहेबांना झोपू देत.

यापुढे काही उघड-लाव म्हणून लिहिशील, तेव्हा कशाचं ते लिहीत जा. इतकं शिकून परदेशात गेलास, एक शब्द जास्त लिहायला काय झालं होतं? पण या खेपेला तो शब्द राहिला, ते बरंच झालं.

तुझी आई