आईचा एक धड फोटो

४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. डॉक्टरांनी आईचे दोन-तीन महिने सांगितलेत. तिला मात्र घोर एकच, की मुलगा फोटोग्राफर असून भिंतीवर लावायला आपला एक धड फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आपल्या लग्नांतही ती मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड. मी फोनवर चाळीसेक काढलेत, त्यातले चार छापून पाठवतेय. नाक मुरडू नकोस, म्हणजे मुरडशीलच.

कामातून सवड काढून ये, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी चिमी

११ जानेवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

फोटो पाहिले. ही आपली आई नव्हे. तुझ्या फोनने तिच्या सुरकुत्यांना इस्त्री केलीय, भुवईवरचा व्रण पुसलाय, आणि मागचं धूसर करण्याच्या नादात अर्धा कान खाल्लाय. फोन बघत नाही गं, अंदाज करतो. मी चारही फाडून टाकले. तूही सगळे पुसून टाक, नाहीतर उद्या नातेवाइकांत तेच फिरतील आणि लोक म्हणतील, पोराने काढले. पुढच्या आठवड्यात कॅमेरा घेऊन येतो. चाळीस वर्षं हेच करतोय, आईचा एक फोटो मला जमेल.

औषधं वेळेवर दे. तुझा लोभ रागासकट हवा आहे.

दादा

२६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई जाऊन महिना होत आला. अजून सहाला उठून मी तिचं कोमट पाणी करते, मग आठवतं.

तू फोटो काढायला आलास तेव्हा दोन तास तिला खिडकीपाशी बसवलंस. हनुवटी वर कर, इकडे बघ, याखेरीज एक शब्द बोलला नाहीस. तू गेल्यावर तिने मला विचारलं, की हा माझ्यावर रागावलाय का. मी म्हटलं, कामात तो असाच असतो. मग रोज विचारायची, फोटो आले का. शेवटचे दोन दिवस विचारलं नाही. ती गेल्यावर तू चार दिवस राहिलास, पण फोटोंचं नाव काढलं नाहीस. तुझ्या शब्दाखातर मी माझे सगळे तुझं पत्र आलं त्याच दिवशी पुसलेत. चौकट आणून ठेवलीय. काय असेल ते कळव, आणि बहिणीला परकी समजू नकोस.

चिमी

९ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. फोटो एकशे बारा आहेत आणि एकातही आईचा चेहरा नाही. मागच्या उशीचा धागान् धागा मोजता येतो, आई मात्र नुसती वाफ. हे मला शेजारच्या शिंप्याने बघून सांगितलं, कारण दोन वर्षांपासून मला मधोमध दिसतच नाही, कडेचं तेवढं दिसतं. तुझे छापील चार भिंगाखाली तुकड्यातुकड्याने पाहिले होते, कॅमेऱ्याच्या पडद्यावर तेही जमत नाही. बरं होणार नाही म्हणतात. मी कुणाला बोललो नाही.

त्या कॅमेऱ्यालाही आपोआप फोकस करता येतो. ते बटण मी मुद्दाम बंद ठेवलं. आईचा फोटो यंत्राने काढावा, हे मला सोसलं नसतं. तुझ्या फोनला हसलो आणि स्वतः अंदाजाने लेन्स फिरवत बसलो. हनुवटी वर कर म्हणत होतो ते फोटोसाठी नव्हे. तिचा चेहरा मला सापडत नव्हता.

मला क्षमा मागायचं तोंड नाही. एकच कर. शेवटी ती कशी दिसायची ते सविस्तर लिही. भिंग धरून वाचेन.

दादा

१५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पुसलेले फोटो फोन महिनाभर जपून ठेवतो, हे मला काल मोबाईलच्या दुकानात कळलं. परत गेल्यावर लगेच बोलला असतास तर सगळे मिळाले असते. आता नाहीत.

तू सांगितलंस तसं लिहायला बसले. पायांची सूज लिहिली, पाठीवरच्या जखमा लिहिल्या. चेहऱ्यापाशी थांबले. मी तिच्याकडे बघायचे ते गोळी गिळली का, ताप आहे का, एवढ्यापुरतं. चेहरा फोटोत येतोच आहे, असं धरून चालले होते. तीन दिवस डोळे मिटून बसतेय, दादा. मलाही आठवत नाही.

आता आपण दोघंच उरलो. जमेल तसा लोभ धरून राहू.

चिमी