खिडकीखाली विटा कापणाऱ्या धाकट्यास

धाकट्या,

बाबांना घेऊन मावशीकडे आलेय, इथूनच हा मेसेज करतेय. दम लागला होता, पंप दिल्यावर आता बरं आहे.

पाणी मारल्याशिवाय कटर चालवू नकोस, हे किती वेळा सांगायचं रे तुला? आज पुन्हा उघड्या खिडकीखाली कोरड्या विटा कापत बसलास. बाबांच्या उशीवर, औषधांवर, भुवयांवरसुद्धा लाल धूळ! ते खोकून बेजार आणि तू कानांत बोळे घालून मशीनवर. शेवटी मी मेन स्विच बंद केला, तर माझ्यावरच खेकसून तरातरा निघून गेलास.

वाट त्यांच्याच चाकाच्या खुर्चीसाठी करतोयस, कळतं मला. पण ती होईपर्यंत बाबा धड राहायला नकोत का?

कटरचं पातं मी नेलंय. शोधत बसू नकोस. खोली झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस. जेवण झाकून ठेवलंय.

निघताना बाबा म्हणाले, "मागच्या दाराने चल. पोराने वाट केलीय."

"अर्धीच झालीय, बाबा."

"मग अर्धी तर अर्धी."

विटा संपल्या तिथे चाक मातीत रुतलं. ढकलून ढकलून मी घामाघूम, आणि बाबा मात्र खुदुखुदु हसत होते.

ताई