ऑर्गन आणि साठचं स्पीड

१७ डिसेंबर २०१७, रविवार
बोर्डीच्या जुन्या हॉलमधला ऑर्गन दुरुस्त करायचं काम कमिटीने अखेर माझ्यावर सोपवलं. दुसऱ्या कोणी अर्ज केला नव्हता, पण तो मुद्दा नाही. नव्वद नळ्या, खाली लोहाराकडे असतो तसा भाता. सव्वीस जानेवारीला वाजवणारही मीच. कचेरीत तीस वर्षं टायपिंग, स्पीड मिनिटाला साठ शब्द. बोटं तयारच आहेत. आज बसून पाहिलं. दाबतो एक, निघतं भलतंच. ऑर्गन फारच बिघडलाय.

१९ डिसेंबर
उंबरगावच्या व्याह्यांना आमंत्रण दिलं. ते तबला वाजवतात आणि दर भेटीत ते सांगतात. आता ऐकायची पाळी त्यांची. आधी दुरुस्त तर होऊ दे, असं जयश्रीचं म्हणणं. बायकोत उत्साह म्हणून नाही.

२३ डिसेंबर
नळ्या काढल्या. प्रत्येकीवर कोळशाने नंबर घातला. कचेरीची शिस्त. मग मालूकडे घासायला दिल्या. मालू सुकी मासळी विकते, पण भांडी घासण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

२४ डिसेंबर, दुपारी ४
चिंच आणि राख लावून मालूने नळ्या अशा उजळल्यात की तोंड दिसतं. नंबर गेले. म्हणाली, काका, काळं लय लागलेलं, तेच आधी काढलं. नळ्या वाळायला बोंबलांच्या काठ्यांवर टांगल्यात. काळजी नाही. उंचीप्रमाणे लावू.

५ जानेवारी २०१८
तीन-तीन नळ्या एकाच उंचीच्या निघाल्या. अंदाजाने लावल्या. भाता मारला. सूर नाही, पण बोंबलाचा वास शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. म्हणजे वाऱ्याची वाट मोकळी आहे. प्रगती.

१२ जानेवारी
मालूने गंजाड गावच्या हाल्या नावाच्या माणसाला आणलं. तो तारपा बनवतो, वारल्यांचं फुंकायचं वाद्य. भोपळा, बांबू, मेण. याला विलायती यंत्र काय कळणार? तरी मोठ्या मनाने बसू दिलं. त्याने एकेक नळी तोंडाने फुंकली, कान दिला, बाजूला मांडली. वहीत लिही म्हटलं, तर म्हणाला, ती आपलं नाव बोलते ना, लिवायचं कशाला.

१७ जानेवारी
माझ्या मार्गदर्शनाखाली हाल्याने सगळ्या नळ्या बसवल्या, भात्याच्या भेगा मेणाने बुजवल्या. मी टॉर्च धरला. उद्यापासून रोज दोन तास सराव.

२२ जानेवारी
सराव राहिला. बोटं ताजी ठेवलेली बरी.

२५ जानेवारी
जयश्री धूळ पुसायला आली आणि हाल्या भाता मारत असताना सहज एका बोटाने आरती वाजवून गेली. काय सूर! मालू टोपली खाली ठेवून ऐकत राहिली. माझे डोळे भरून आले. ऑर्गन बरा झाला. आता अडचण कसलीच नाही.

२६ जानेवारी
हॉल खच्चून भरलेला. व्याही पहिल्या रांगेत. स्वागतगीताला मी साठच्या स्पीडने बोटं टाकली. डिसेंबरात निघालं होतं तेच निघालं, फक्त आता स्वच्छ. अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं की दुरुस्ती अजून चालू आहे, लोकांनी धीर धरावा. मग जयश्रीला बसवलं. व्याह्यांनी तबला घेतला. टाळ्या थांबेनात. तेव्हा हाल्याला बाजूला सारून भाता मीच मारला होता, काहीतरी माझं हवं म्हणून.

निघताना व्याह्यांनी विचारलं, भात्यावर कोण होतं, मध्येच दोनदा दम तुटला. मी हाल्याचं नाव सांगितलं. हाल्या शेजारीच उभा होता.