टेकूखालची जमीन

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. आम्ही ठीक. अप्पांचा खोकला कमी आहे, पण औषध घ्यायला कुरकुर तेवढीच. मागच्या खोलीची खिडकी अखेर बदलली. सुतार तीनदा येतो म्हणाला आणि चौथ्यांदा आला. यंदा सातवीचं विज्ञान माझ्याकडेच आहे.

दरवर्षी एवढं लिहून मी थांबते. वर्षाला एक पत्र, पानभर खुशाली. तू उत्तर देत नाहीस, वहिनी दोन ओळी पाठवते, आणि चला, निदान संबंध आहे अशी मी मनाची समजूत घालते. आज पान उलटून लिहिणार आहे. मधेच ठेवून देऊ नकोस.

गेल्या शुक्रवारी शाळेचं फाटक पडलं. रुळावरून सरकणारं, मोठं, लोखंडी. माळीकाका ते ढकलत होते. चाक रुळावरून उतरलं आणि अख्खं फाटक त्यांच्या अंगावर आडवं झालं. कमरेपासून खालचे काका फाटकाखाली, वरचे बाहेर. ओरडले नाहीत. "बाई, पाय कळत नाहीये," एवढंच म्हणाले, तेही शेजारी कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही अशा आवाजात.

सहा-सात जण हातांनी उचलायला धावले. फाटकाचं एक टोक खांबात अडकलं होतं. त्यामुळे दुसरीकडून उचललं की ते फिरून काकांच्या छातीकडे सरकायचं. मी सगळ्यांना थांबवलं. व्हॉलीबॉलच्या जाळीचा एक सुटा खांब भिंतीशी पडला होता, तो आणवला. टेकू म्हणून कुंपणाच्या कामातला एक दगड घेतला. खेळाच्या सरांनी तो फाटकाला अगदी चिकटवून ठेवला.

"जवळ हवा ना बाई? जोर कमी लागतो. तुम्हीच शिकवता."

बरोबरच होतं त्यांचं. टेकू भाराजवळ नेला की आपल्या बाजूची भुजा लांब होते, आणि लहानशा जोराने मोठं वजन हलतं. सातवीतलं पोर सांगेल. पण फाटकालगत काकांनी सकाळीच वाफा खणला होता. माती भुसभुशीत होती. त्या मातीवरच्या दगडाकडे मी बघत राहिले. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. काकांनी डोळे मिटले तेव्हा मी भानावर आले.

"दगड मागे घ्या. फरशीवर."

"जड जाईल हो."

"जाऊ दे. चौघे लटका. मातीवर नको म्हणजे नको."

चौघे लटकले. फाटक चार बोटं उठलं. मी खाली विटा सरकवल्या, त्यांनी खांब हळूच सैल केला, मग पुन्हा दाबला, पुन्हा विटा. तिसऱ्या खेपेला काकांना काखेत धरून ओढून काढलं. मांडीचं हाड मोडलंय, पण पाय दोन्ही वाचले. काल भेटायला गेले तर रोपांना पाणी कोण घालतंय म्हणून मलाच दटावलं.

शनिवारी मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्या शाळेसमोर मला पुढे बोलावलं. फळा आणवून ठेवला होता. "सांगा मुलांना, तरफ कशी चालते." मी आडवी रेघ काढली. एका टोकाला भार, दुसऱ्या टोकाला बल, मधे टेकूचा त्रिकोण. आणि तिथे खडू थांबला तो थांबलाच. बाईंना वाटलं मला भरून आलंय. त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. पाचशे मुलं टाळ्या वाजवत होती, दादा, आणि मला कुठेतरी पळून जावंसं वाटत होतं.

पुस्तकात तो त्रिकोण नुसता काढलेला असतो. तो कशावर उभा आहे हे कुणी काढत नाही.

आता छापखान्याचं लिहिते. तुला त्यातलं बरंच ठाऊक आहे. एक ठाऊक नाही.

अकरा वर्षांपूर्वी कागद कापायचं ते बिडाचं यंत्र तुम्ही आतल्या खोलीत हलवत होता. जड यंत्रं हलवायच्या कामावरची आपली टोळी: अप्पा, तू, दोघे जोडीदार आणि मुकादम. मी तुमचे डबे घेऊन आले होते. एकोणीस वर्षांची, नुकतीच पदार्थविज्ञान शिकायला लागलेली, शिंगं फुटलेली. तू लाकडी ठोकळा यंत्रापासून वीतभर अंतरावर, दगडी फरशीवर लावलास. त्यावर पहार टेकवलीस. तेवढ्यात मुकादमाने हाक मारली म्हणून दाराशी गेलास. अप्पा जमिनीवर पालथे पडून खाली सारायच्या पट्ट्या जुळवत होते. त्यांचं तोंड पलीकडे होतं.

मी मनात हिशेब केला. सहा फुटांची पहार, टेकू वीतभर अंतरावर, म्हणजे जोर सातपट. तीन-चार बोटांवर आणला तर वीसपट. दादाला एवढं साधं कळत नाही, असं मला वाटलं. मी पहार जराशी उचलून धरली आणि ठोकळा पायाने पुढे सरकवला. हातानेसुद्धा नाही. तिथे वायरींच्या नालीवरचं पत्र्याचं झाकण होतं, आणि त्यावर कागदाच्या कपट्यांचा थर. मला ते दिसलं नाही, कारण मी बघितलंच नाही. तुला चकित करायचं होतं, बस.

तू परत आलास. आपण लावलेला ठोकळा दुसऱ्यांदा कोण तपासतो? तू पहार दाबलीस आणि म्हणालास, "हलकं लागतंय आज." हसलास माझ्याकडे बघून. मीही हसले. अप्पांनी पट्टी सारायला हात आत घातला, आणि झाकण खाली गेलं.

पुढचं तुला माहीत आहे. अप्पांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तू म्हणत राहिलास, "टेकू दबला, मी पहार सोडली नाही." मुकादमाने विचारलं, "ठोकळा कुठे लावला होतास?" तू सांगितलंस, दगडी फरशीवर. "मग दगड दबेल कसा?" फुटलेलं झाकण सगळ्यांनी पाहिलं, पण ते यंत्राच्या दणक्याने फुटलं असंच सगळ्यांनी धरलं. तेव्हा तू माझ्याकडे बोट केलंस. "हिला विचारा. ही इथेच उभी होती."

मी म्हणाले, "मी डबे सोडत होते. मला दिसलं नाही."

हे सात शब्द मी बोलले होते, दादा. अप्पा तुला जे बोलले ते त्यानंतर.

धंद्यात तुला हातसुट्या, ऐन वेळी पहार सोडणारा, म्हणायला लागले. कुणी पहारीवर घेईना. तू घर सोडलंस, गाव सोडलंस, हातात कसब असून गोदामाच्या दारावर उभा राहिलास. आई गेली तेव्हा अप्पांनी तुला उंबऱ्यावरून परत पाठवलं, आणि मी आत आईच्या उशाशी बसून ते ऐकलं. तेव्हाही बोलता आलं असतं. त्यानंतर दर वर्षी बोलता आलं असतं. भीती वाटली, हे खरं कारण. बाकी सगळी कारणं मी नंतर शोधली.

शनिवारी शाळेतून आले ती तशीच अप्पांसमोर बसले आणि सांगितलं. ते डाव्या हाताने सदऱ्याची बटणं लावत होते. ऐकून झालं तरी बटणावरचा हात हलेना. मग उठून खोलीत गेले. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट ठेवलं की जेवत, पण मी वाढायला वाकले की मान फिरवत. मी रडले असते तर बरं वाटलं असतं. रडूही येत नव्हतं.

काल संध्याकाळी हाक मारली. "तू मला सांगितलंस. मी त्याला बोललो ते चार माणसांत. त्याचं काय?"

मग तेच पुढे म्हणाले,

"मुकादमाला बोलाव. त्या दोघांनाही बोलाव. त्यांच्यासमोर बोल."

"आणि दादाला?"

"त्याला कळव. ये म्हणू नकोस. ये म्हणायचं तोंड ना मला आहे, ना तुला."

मुकादम आता थकलेत, लेकीकडे असतात. आज सकाळी जाऊन आले. कशासाठी ते सांगितलं नाही, मी फक्त "अप्पांनी बोलावलंय" एवढंच म्हणाले. ते म्हणाले, "पोराचं काही कळलं का?" कोणत्या पोराचं ते मी विचारलं नाही. दोघे जोडीदारही येणार आहेत. पत्र तुझ्या हाती वेळेत पडावं म्हणून या नाही, पुढच्या रविवारचं ठरवलंय. तेवीस तारीख, सकाळी दहा.

मला भीती वाटतेय. आपल्या घरातल्या चार माणसांपुढे बोलायची एवढी धास्ती मला पाचशे मुलांपुढे कधी वाटली नाही. पण आता मी ठोकळा सरकवला हे सांगणं सोपं वाटतं. त्यानंतर जे बोलले ते पुन्हा तोंडाने म्हणायचंय, ते कठीण आहे.

'मला माफ कर' असं इथे लिहिलं होतं. खोडलंय. खाडाखोड दिसतेच आहे. माफी मागायचा अधिकार तू दिलास तरच मागेन, आणि तीही समोर येऊन, पत्रात नाही. या पत्राला उत्तर आलं नाही तरी रविवारी दहा वाजता मी बोलणार आहे, आणि सुरुवात तुझ्या नावाने करणार आहे.

वहिनीला हे वाचून दाखव. तिला कळायला हवं, तिने कुणाशी लग्न केलं ते.

ज्या दिवशी तू साक्षीला बोलावलंस, त्या दिवसाची साक्ष अकरा वर्षांनी देणारी,
तुझी धाकटी बहीण