उद्या सायकलवर बसण्याआधी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बासष्ट, धंदा सायकलदुरुस्ती, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वहस्ते लिहीत आहे. आठ महिन्यांपूर्वी माझ्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. तरीही शंका असेल त्याने माझ्यासमोर बसून एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवावा, मी चुका काढते.

उद्या सकाळी सात वाजता मी घरून दुकानात सायकलने जाणार आहे. वाटेत उतार आहे, पुढे चौक आहे. डावीकडून येणारं वाहन मला अजून उशिरा दिसतं. म्हणून आजच लिहून ठेवते.

कलम १. दुकान, सगळी हत्यारं, राहती खोली आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला. पाने वापरून झाले की जागच्या जागी टांगावेत. हे तिला जन्मभर सांगून झालं, आता लेखी सांगते.

कलम २. मी इस्पितळात असताना थोरला भाऊ उशाशी उभा राहून म्हणाला, "दुकान विकून टाका, हिचं आता काही खरं नाही." मला बोलता येत नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. त्याला हवा भरायचा जुना पंप द्यावा. आयुष्यभर तोंडाची वाफ दवडली, निदान टायर तरी भरेल.

कलम ३. हे लिहिणं जड जातंय. गेल्या आठवड्यात दुकानामागच्या अंगणात सराव करताना डावं पायडल निखळलं आणि मी भिंतीवर आपटले. गिऱ्हाइकांदेखत मी मुलीवर ओरडले, "साधं पायडल आवळता येत नाही? आईला मारायला निघालीस?" तिने निखळलेलं पायडल उचललं, आटे पाहिले आणि ते परत बसवलं.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगत आले, चाळीस वर्षं. ते पायडल आदल्या दिवशी कुरकुरत होतं म्हणून मीच पाना लावला होता. काल पुन्हा पाना धरला, हात सुलट फिरला, आणि तेव्हा कळलं. मी आवळत नव्हते, सैल करत होते. मुलीला ते त्याच दिवशी कळलं असणार. तिने चारचौघांत आईची लाज राखली.

बाळ, चूक माझी होती. मला भीती वाटते गं. अजून काय काय चुकतंय आणि मलाच कळत नाहीये, याची.

कलम ४. मुलीने आत्ता इथपर्यंत वाचलं.

"आई, हे मृत्युपत्र आहे की धमकी?"

"दोन्ही."

"नाही गेलीस तर काय बिघडेल?"

"मग मी खुर्चीतच राहीन. माझा स्वभाव तुला माहीत आहे, उद्या राहिलं की कायमचं राहिलं."

तिने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मी तुझ्या डावीकडून सायकल चालवीन. 'थांब' म्हटलं की थांबायचं. हुज्जत नाही."

सायकलवर असताना मी आजवर कोणाच्या बापाचं ऐकलेलं नाही. तरी लिहून देते: ती म्हणेल तिथे मी थांबेन, उतरेन, आणि ती म्हणाली तर परत फिरेन. हे एवढं कलम माझ्या मरणाची वाट न पाहता उद्या सकाळी सात वाजल्यापासून लागू होईल.

सही: (केली आहे)

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपीकाका
२. माझ्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या बाई (फक्त सही केली आहे. सायकलला संमती नाही.)

स्थळ: दुकानाचं टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी, दुपारी चार